विश्लेषण : १३व्या वर्षी करार, १७व्या वर्षी जगभर नाव... ज्युडी गार्लंडच्या बालपणाचे काय झाले?

६ नोव्हेंबर १९७८, सोमवारची रात्र. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘रेनबो’ नावाचा टीव्हीपट दाखवला गेला. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधली डोरोथी म्हणून जगाला माहीत असलेली गायिका-अभिनेत्री ज्युडी गार्लंड हिच्या सुरुवातीच्या वर्षांची ही गोष्ट होती. ज्युडीला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. रेनी झेल्वेगरला ऑस्कर मिळवून देणारा ‘ज्युडी’ (२०१९) हा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल, पण त्याचा भर तिच्या अखेरच्या काळावर आहे. ‘रेनबो’ने दुसरे टोक पकडले. ती बिघडली कशी, यापेक्षा तिला घडवणाऱ्यांनी तिचे काय केले, हा त्याचा विषय.

हा टीव्हीपट कोणी दिग्दर्शित केला, हे पाहिले तर तो वेगळाच दिसू लागतो.

‘रेनबो’चा दिग्दर्शक कोण होता?

जॅकी कूपर. तेही १९२२ मध्येच जन्मलेले, म्हणजे ज्युडीच्याच वयाचे. आणि तिच्यासारखेच बालकलाकार. ‘स्किपी’ (१९३१) या सिनेमासाठी नवव्या वर्षी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले होते. पण त्या सिनेमातला रडण्याचा प्रसंग कसा चित्रित झाला, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले. जॅकीला रडू येईना, तेव्हा त्याच्या कुत्र्याला गोळी घातल्याचे नाटक सेटवर रचण्यात आले. दिग्दर्शक होते नॉर्मन टॉरोग, नात्याने जॅकीचे काका. पोर खरोखर हंबरडा फोडून रडले आणि कॅमेऱ्याने ते टिपले. टॉरोग यांना त्या सिनेमासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. पुढे १९४० मध्ये याच टॉरोग यांनी ज्युडीचा ‘लिटल नेली केली’ दिग्दर्शित केला.

ज्युडी ज्या एमजीएम स्टुडिओत वाढली, तिथे कूपरही लहानपणी काम करून गेले होते. म्हणजे ज्या यंत्रणेवर सिनेमा करायचा होता, ती त्यांनी आतून पाहिलेली होती. (‘रेनबो’ दाखवला गेला त्यानंतर महिनाभराने ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला. त्यातला ‘डेली प्लॅनेट’चा संपादक पेरी व्हाइट म्हणजे हेच जॅकी कूपर.) ज्युडीची भूमिका केली होती अँड्रिया मॅकआर्डलने. ब्रॉडवेवर ‘अ‍ॅनी’ गाजवून आलेली ही मुलगीही त्या वेळी जेमतेम १५ वर्षांची.

‘बेबी गम’ रंगमंचावर कशी आली?

ज्युडीचे खरे नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या छोट्या गावात. वडील फ्रँक गम गावातले थिएटर चालवायचे, गायचेही. आई एथेल पियानो वाजवायची. सिनेमाच्या मधल्या वेळेत दोन थोरल्या बहिणी गात. तिसरीला घरात ‘बेबी’ म्हणत. डिसेंबर १९२४ मध्ये, अडीच वर्षांची असताना, ती नाताळच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वडिलांच्या थिएटरमध्ये गायली. एकच गाणे पुन्हापुन्हा म्हणत राहिली, थांबेचना. शेवटी तिला उचलून आत न्यावे लागले. लोक टाळ्या वाजवत होते आणि मुलीला ते आवडले होते. तिच्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव कार्यक्रम असेल, ज्यात ती गाते आहे ते तिला गायचे आहे म्हणून, एवढेच कारण होते.

१९२६ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियाला गेले. लॉस एंजेलिसपासून दूर, वाळवंटाच्या कडेला असलेल्या लँकेस्टर गावात फ्रँकने थिएटर घेतले. हे स्थलांतर सिनेमाच्या ओढीने झाले, असे घरात सांगितले जाई. फ्रँकच्या समलैंगिक संबंधांबद्दल गावात कुजबुज सुरू झाली होती आणि गाव सोडण्यामागे तेच कारण होते, असे चरित्रकार मानतात. आईवडिलांचे पटत नव्हते, हे मुलींना कळत होते. एथेल तिघींना घेऊन गाण्याचे कार्यक्रम करत फिरायची आणि फ्रँक गावात थिएटर सांभाळायचे. १९२९ मध्ये, सातव्या वर्षी, ‘गम सिस्टर्स’ पहिल्यांदा एका लघुपटात दिसल्या.

गोळ्यांची सुरुवात स्टुडिओने केली, असा सर्वसाधारण समज आहे. तिचे चरित्रकार जेराल्ड क्लार्क यांनी मात्र लिहिले आहे की ती त्याही आधी, घरातूनच झाली. रात्रीच्या कार्यक्रमासाठी तरतरी यावी म्हणून आणि नंतर झोप लागावी म्हणून आईच मुलींना गोळ्या द्यायची. तेव्हा धाकटी दहा वर्षांचीही नव्हती. एथेलला खलनायिका ठरवणे सोपे आहे, ज्युडीने स्वतःही पुढे तेच केले. मात्र तीन मुली, बिनसलेला संसार आणि मंदीचा काळ अशा स्थितीत एथेलला धाकटीचा आवाज हाच मार्ग दिसत होता, हेही खरे.

‘गम’चे ‘गार्लंड’ झाले १९३४ मध्ये, शिकागोत. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मायलेकी तिथे गेल्या होत्या. ओरिएंटल थिएटरमध्ये कार्यक्रमाचा सूत्रधार जॉर्ज जेसेल याला ‘गम’ हे आडनाव चेष्टेचे वाटले. त्याने गार्लंड सुचवले. पाठोपाठ त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्यावरून फ्रान्सिसने स्वतःसाठी ‘ज्युडी’ हे नाव घेतले.

एमजीएममध्ये पहिल्या दोन महिन्यांत काय घडले?

ऑगस्ट १९३५ मध्ये मोठ्या बहिणीचे लग्न झाले आणि त्रिकूट मोडले. उरला एकटीचा आवाज. सप्टेंबरमध्ये एमजीएमने तिला गाऊन दाखवायला बोलावले. आई घरी नव्हती, म्हणून वडील घेऊन गेले. फ्रँकना पियानो जेमतेम येत असे. स्टुडिओचे संगीतकार रॉजर ईडन्स यांनी मध्येच पियानो हाती घेतला आणि मुलगी गायली. स्क्रीन टेस्ट न घेताच करार झाला. आठवड्याला १०० डॉलर, सात वर्षांची मुदत, आणि ठरावीक टप्प्यावर तिला काढून टाकायचे की ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार फक्त स्टुडिओला. वय १३.

१६ नोव्हेंबर १९३५ रोजी तिचा रेडिओवर कार्यक्रम होता. त्याच दिवशी फ्रँकना इस्पितळात हलवले होते. कुटुंबाच्या डॉक्टर मित्राने कार्यक्रमाआधी ज्युडीला फोन केला आणि वडिलांच्या खाटेशेजारी रेडिओ ठेवला आहे, असे कळवले. त्यावरूनच तिने ओळखले की प्रकरण गंभीर आहे. साध्या आजारात कोणी असा रेडिओ लावून देत नाही. ती गायली. दुसऱ्या दिवशी मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाच्या संसर्गाने फ्रँक गेले. त्यांच्याएवढे निखळ प्रेम आपल्यावर कोणी केले नाही, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. ती रात्र तिच्यासाठी सगळ्यात वाईट होती, आणि त्या रात्रीही ती कामावर होती.

स्टुडिओला तिची अडचण काय होती?

तिचे दिसणे. उंची चार फूट ११ इंच, अंगाने गुटगुटीत. लहान मूल म्हणून खपवावे तर मोठी, नायिका म्हणून घ्यावे तर लहान. आणि आजूबाजूला एमजीएमच्या लाना टर्नरसारख्या सुंदर मुली. स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयर तिला कौतुकाने की कुचेष्टेने, पण कुबडी म्हणत. लहानपणी हे ऐकलेले ती विसरली नाही.

१९३६ मध्ये तिला आणि डियाना डर्बिन या दुसऱ्या गाणाऱ्या मुलीला घेऊन ‘एव्हरी संडे’ हा लघुपट केला गेला. दोघींची ती एका अर्थी परीक्षाच होती. डर्बिनचा करार संपला, ती युनिव्हर्सलमध्ये गेली आणि तिथे मोठी स्टार झाली. पुढे कंटाळून तिने चित्रपट कायमचे सोडले, फ्रान्सला जाऊन राहिली आणि २०१३ मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी वारली. एमजीएमला नको झालेली मुलगी नव्वदी पार करून गेली!

ज्युडीला मात्र स्टुडिओने ठेवून घेतले आणि ‘सुधारायला’ घेतले. नाकाचा आकार बदलावा म्हणून नाकपुड्यांत रबरी चकत्या, दातांवर टोप्या, पोट आवळणारे पट्टे. स्टुडिओच्या उपाहारगृहात तिने काहीही मागवले तरी पुढ्यात सूप यायचे, अशी आठवण ती सांगे. भूक मारण्यासाठी काळी कॉफी, सिगारेट आणि गोळ्या. १९३७ मध्ये क्लार्क गेबलच्या वाढदिवसाला तिने गायलेले गाणे मेयर यांना इतके आवडले की ते ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’मध्ये घातले गेले. तिथून कामाचा रतीब सुरू झाला. १९३७ ते १९४० या चार वर्षांत दहा पूर्ण लांबीचे सिनेमे, शिवाय रेडिओ, रेकॉर्डिंग आणि रंगमंचावरचे कार्यक्रम. त्यात अल्पवयीन कलाकारांना रोज तीन तास शाळा सक्तीची, म्हणून सेटवरच शिक्षिका. म्हणजे एका दृश्यातून उठायचे, वही उघडायची आणि हाक आली की पुन्हा दिव्यांखाली उभे राहायचे.

गोळ्यांचे नेमके काय प्रकरण होते?

ज्युडीच्या म्हणण्यानुसार स्टुडिओ तिला आणि मिकी रूनीला दिवसभर उभे ठेवण्यासाठी उत्तेजक गोळ्या द्यायचा. मग झोपेच्या गोळ्या देऊन काही तास झोपवायचा आणि पुन्हा उठवायचा. रूनीने हे नंतर नाकारले, स्टुडिओला दोष देऊ नका असे त्याचे मत होते. दोघांपैकी कोणाचे खरे, याचा निवाडा आज करता येत नाही. ज्युडीच्या बाजूने बोलणारे इतर पुरावे मात्र भरपूर आहेत.

एक संदर्भ इथे हवा. अ‍ॅम्फेटामिन हे तेव्हा नवे औषध होते आणि अमेरिकेत सर्रास मिळत होते. त्याने भूक मरते, झोप उडते, उत्साह वाटतो. सवय किती लागते, हे पुरते उमगले नव्हते. झोप येईना म्हणून बार्बिट्युरेट्स, त्याची सुस्ती जाईना म्हणून पुन्हा अ‍ॅम्फेटामिन. एका गोळीचा परिणाम दुसरी पुसते, त्यामुळे दोन्हींचे प्रमाण वाढतच जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही, आणि इथे ते वाढत्या वयाच्या मुलीच्या शरीरात सुरू झाले होते.

‘विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये तिला कुत्र्यापेक्षा कमी पैसे मिळाले?

समाजमाध्यमांवर हा दावा अधूनमधून फिरतो. तो चुकीचा आहे. ज्युडीला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले, तर टोटोची भूमिका करणाऱ्या टेरी या कुत्रीच्या मालकाला १२५. मंचकिन झालेल्या बुटक्या कलाकारांना साधारण ५० डॉलर मिळत, म्हणजे कुत्र्यापेक्षा कमी पैसे मिळाले ते त्यांना. स्केअरक्रो झालेल्या रे बोल्गरचा आकडा होता तीन हजार डॉलरच्या घरात. सिनेमा जिच्या खांद्यावर उभा होता, तिला त्याच्या सहावा हिस्सा!

चित्रीकरण ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू झाले, ज्युडी १६ वर्षांची होती. डोरोथी लहान दिसायला हवी, म्हणून तिची छाती घट्ट बांधून वर घट्ट कपडे चढवत. पहिले दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प यांनी तिला सोनेरी केसांचा टोप आणि भडक मेकअप दिला होता. थॉर्प गेले, जॉर्ज क्युकर काही दिवसांसाठी आले. त्यांनी टोप आणि मेकअप काढायला लावला आणि तिला जशी आहेस तशी राहा, असे सांगितले. तिच्या दिसण्याबाबत स्टुडिओतल्या कोणी दिलेला बहुधा हा पहिला शहाणा सल्ला. मग व्हिक्टर फ्लेमिंग आले आणि बहुतांश सिनेमा त्यांनी पुरा केला.

टेक्निकलरचा कॅमेरा प्रिझमने प्रकाश विभागून एकाच वेळी तीन निगेटिव्हवर चित्र घेत असे. प्रकाश असा वाटला गेल्याने सेटवर प्रचंड दिवे लागत, आणि त्यांच्या उष्णतेत तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाई. त्या उकाड्यात, आवळलेल्या कपड्यांत, ही मुलगी महिनोन्‌महिने नाचत-गात होती. मार्च १९३९ पर्यंत हे चालले.

सिनेमा तयार झाल्यावर एका चाचणी खेळानंतर ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणे कापण्याची तयारी झाली होती. आमची नायिका शेताच्या अंगणात कशाला गाते, आणि सिनेमा रेंगाळतो, असे काही वरिष्ठांचे म्हणणे. सहनिर्माते आर्थर फ्रीड आणि इतर काही जण अडून बसले, म्हणून ते वाचले. हॅरॉल्ड आर्लेन यांचे संगीत आणि यिप हारबर्ग यांचे शब्द असलेल्या याच गाण्याला ऑस्कर मिळाले.

ऑगस्ट १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये सिनेमा लागला, तेव्हा ज्युडी आणि रूनी सिनेमाच्या खेळांदरम्यान मंचावर प्रत्यक्ष गात-नाचत. दिवसाला पाच-पाच, कधी त्याहून जास्त कार्यक्रम. त्याच वर्षी आलेल्या दोघांच्या ‘बेब्स इन आर्म्स’ने तर फायद्यात ‘ऑझ’ला मागे टाकले. ‘ऑझ’चा खर्चच इतका होता की तो नफ्यात यायला १९४९ चे पुनर्प्रदर्शन उजाडले. २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला बालकलाकाराचे खास ऑस्कर देण्यात आले. दिले मिकी रूनीने.

‘रेनबो’ची गोष्ट साधारण इथपर्यंत येते. मुलगी इंद्रधनुष्यापर्यंत पोहोचली, पडदा पडला. टीव्हीवर सोमवारी रात्री घरी बसून पाहणाऱ्यांसाठी हा शेवट ठीकच. पण या वर्षांत जे पेरले गेले, त्याचे पीक पुढच्या तीस वर्षांत आले.

पुढे काय झाले?

जुलै १९४१ मध्ये, १९ वर्षांची असताना, तिने संगीतकार डेव्हिड रोझशी लग्न केले. स्टुडिओची नाराजी होती, लग्नानंतर दिवसभरातच तिला कामावर बोलावून घेतले. ती गर्भवती राहिली तेव्हा आई आणि स्टुडिओ यांच्या दबावाने गर्भपात झाला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पडद्यावर ती अजून शेजारची साधीसुधी मुलगी होती, आणि ती प्रतिमा विकली जात होती.

चाळीसच्या दशकात यशही मोठे होते. ‘मीट मी इन सेंट लुई’ (१९४४), त्याचे दिग्दर्शक विन्सेंट मिनेली यांच्याशी लग्न, १९४६ मध्ये मुलगी लायझाचा जन्म. पण सेटवर उशिरा येणे, न येणे, कोसळणे हेही वाढत गेले. स्टुडिओने तिला एकामागून एका सिनेमातून काढले आणि सप्टेंबर १९५० मध्ये करारच संपवला. बरोबर १५ वर्षे झाली होती. वय २८.

आईशी तोवर बोलणे जवळपास संपले होते. ५ जानेवारी १९५३ रोजी एथेल सांता मोनिकातील डग्लस एअरक्राफ्टच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये मृतावस्थेत सापडली. तिथे ती नोकरी करायची. हॉलिवूडच्या सर्वांत मोठ्या गायिकेची आई कारखान्यात कामाला जाता जाता गेली, यावर वर्तमानपत्रांत बरेच छापून आले.

ज्युडी मात्र संपली नव्हती. ‘अ स्टार इज बॉर्न’ (१९५४) आणि २३ एप्रिल १९६१ चा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम आजही दाखले म्हणून सांगितले जातात. त्या कार्यक्रमाच्या अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले, हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. डोक्यावर प्राप्तिकराचे कर्ज असताना ती हे करत होती. २२ जून १९६९ रोजी लंडनमधल्या भाड्याच्या घरात बार्बिट्युरेट्सचे प्रमाण जास्त झाल्याने तिचा मृत्यू झाला. तो अपघाती असल्याचा निष्कर्ष निघाला. ती ४७ वर्षांची होती. पहिली गोळी तिने घेतली त्याला तेव्हा साधारण चार दशके झाली होती.

बालकलाकारांसाठी कायदा नव्हता का?

ज्युडी ‘ऑझ’ करत होती, त्याच वर्षी, १९३८ मध्ये, चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला मुलगा जॅकी कूगन याने आईवर आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले होते आणि सज्ञान झाल्यावर हाती काहीच नव्हते. तेव्हाच्या कायद्याने मुलाची कमाई पालकांचीच. कूगनला शेवटी सव्वा लाख डॉलरच्या आसपास मिळाले. त्या गदारोळातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कूगन कायदा’ आला. त्यात पळवाटा बऱ्याच होत्या. कमाई मुलाची स्वतःची आणि तिच्यातले १५ टक्के सक्तीने बाजूला, ही तरतूद व्हायला २००० साल उजाडले.

आपल्याकडे २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार चित्रपट-मालिकांतल्या मुलांना दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्यांच्या कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुंबईत रोज मालिकांचे चित्रीकरण चालते, त्यामुळे हे नियम कागदावर राहतात की सेटवर उतरतात, हा इथल्या घराघरांतला प्रश्न आहे. आणि दोन्ही देशांतले हे कायदे तास मोजतात, पैसे मोजतात. जेवणाच्या ताटात काय वाढले आणि मुलीला तिच्या नाकाबद्दल काय ऐकवले, हे मोजणारे कलम अजून लिहायचे आहे.

आज ज्युडी कुठे आहे?

‘रेनबो’नंतर २००१ मध्ये एबीसी वाहिनीवर तिच्यावर आणखी एक मालिका आली. ती तिची दुसरी मुलगी लॉर्ना लुफ्टच्या आठवणींवर बेतलेली होती. तरुण ज्युडी झालेली टॅमी ब्लँचर्ड आणि प्रौढ ज्युडी झालेली ज्युडी डेव्हिस, दोघींनाही एमी पुरस्कार मिळाले.

ज्युडीचे दफन न्यूयॉर्क राज्यात झाले होते. २०१७ मध्ये मुलांनी तिचे अवशेष लॉस एंजेलिसला आणले आणि हॉलिवूड फॉरएव्हर दफनभूमीत ठेवले. तिथेच मिकी रूनीचीही कबर आहे. या दफनभूमीच्या मागच्या भिंतीपलीकडे पॅरामाउंट स्टुडिओ आहे, आणि तिथे आजही चित्रीकरण होते.